बारीक माणसाची चरबी

(आकाशवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)

अक्कलकुव्यात मी दवाखाना सुरू केला, तेव्हा छातीत दुखतंय म्हणून येणारा माणूस क्वचित दिसायचा. पावसाळ्यात हिवताप, उन्हाळ्यात जुलाब, वर्षभर खोकला आणि अंगात रक्त नसलेल्या बाया, हेच माझं रोजचं काम. देवगोईचा घाट उतरून मोलगीकडून पेशंट यायचे. कधी जीपने, तर कधी डोंगरातल्या पाड्यावरून रस्त्यापर्यंत बांबूला बांधलेल्या झोळीतून. हृदयविकार हा सुरतेच्या किंवा धुळ्याच्या गादीवर बसून खाणाऱ्या माणसाचा आजार, असं मी धरून चाललो होतो. इथं माणसाला पोटभर मिळायची मारामार, चरबी कुठून येणार?

तेव्हाची गोष्ट आहे. आश्रमशाळेतले एक गुरुजी आले. वय पंचेचाळीसच्या पुढे, हातपाय काड्यांसारखे, चढ चढताना धाप लागते म्हणाले. शर्टाची खालची दोन बटणं जरा ताणलेली दिसत होती, पण तिकडे माझं लक्ष गेलं नाही. मी त्यांना काट्यावर उभं केलं, उंची घेतली, भागाकार केला. बीएमआय बावीसच्या आसपास. मी म्हटलं, "गुरुजी, तुम्हाला कसलं हार्टचं? उलट वजन वाढवा थोडं." ते हसले, मीही हसलो. चार महिन्यांनी त्यांना झटका आला. सुरतेला नेईपर्यंत जो वेळ गेला त्यात हृदयाच्या स्नायूचा एक तुकडा कायमचा गेला. वाचले, हे नशीब. परत आल्यावर माझ्यासमोर बसून एवढंच म्हणाले, "डॉक्टर, तुम्ही तर वजन वाढवा म्हणाला होतात."

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. त्या एका वाक्याचं उत्तर शोधताना जे वाचलं, त्याची ही हकिगत आहे.

सुरुवात एका फोटोपासून करतो. जानेवारी २००४ मध्ये 'लॅन्सेट' या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात एक पानभर मजकूर आला. त्यात दोन डॉक्टर शेजारी शेजारी उभे होते. एक पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक, दुसरे लंडनचे डॉ. जॉन युडकिन. (साखरेविरुद्ध पुस्तक लिहिणारे जॉन युडकिन ते वेगळे, नावाचा घोळ पुष्कळांचा होतो.) दोघांचाही बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण यंत्राखाली झोपवून अंगातली चरबी मोजली तेव्हा युडकिन यांच्या शरीरात निघाली ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२ टक्के. दुपटीहून जास्त! युडकिन मॅरेथॉन धावणारे, तर आपलं धावणं म्हणजे सकाळी इस्पितळाच्या लिफ्टचं दार बंद व्हायच्या आत पोचण्यापुरतं, अशी गंमत याज्ञिकांनी स्वतःवरच केली होती. पण गमतीच्या मागे मुद्दा गंभीर होता. दोघांच्या आडनावांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला 'वाय-वाय विरोधाभास' असं नाव पडलं.

माझ्या गुरुजींचा बीएमआयही तेवढाच होता. ते पान मी आधी वाचलं असतं तर, हा विचार अजून मनातून जात नाही.

आता हा बीएमआय आला कुठून? एकोणिसाव्या शतकात बेल्जियममध्ये अडॉल्फ केटले नावाचे एक गणिती आणि खगोलशास्त्रज्ञ होते. त्यांना 'सरासरी माणूस' कसा असतो हे आकड्यांत मांडायचं होतं, त्यासाठी त्यांनी वजन आणि उंचीचं हे गणित बसवलं. कुणाच्या हृदयाशी त्याचा काही संबंध नव्हता. १९७२ मध्ये अमेरिकेतल्या अँसेल कीज यांनी त्याला बॉडी मास इंडेक्स हे नाव दिलं, आणि सोपं असल्यामुळे ते जगभर पसरलं. काट्याला मात्र हाड, स्नायू आणि चरबी यांतला फरक कळत नाही. चरबी कुठं आहे हे तर मुळीच कळत नाही. हे दुसरं जास्त महत्त्वाचं आहे, हे फ्रान्समधल्या मार्सेय गावच्या जाँ व्हाग या डॉक्टरांनी १९४७ मध्येच लिहून ठेवलं होतं. मांड्या-नितंबांवरची चरबी आणि पोटावरची चरबी यांचे परिणाम एक नाहीत, असं त्यांचं म्हणणं. त्याकडे लोकांनी लक्ष दिलं ते फार उशिरा.

पण पोटावर चरबी असली तर हृदयाचं काय बिघडतं? आम्ही शिकलो तेव्हा चरबी म्हणजे साठवण, एवढंच शिकवलं गेलं. शेतकऱ्याच्या घरातली कणगीच म्हणा. सुगीत भरायची, आखाडात रिकामी करायची. कणगी काही बोलत नाही, ती एका कोपऱ्यात उभी असते. या समजुतीला धक्का बसला तो दाहाच्या अभ्यासातून, आणि तो इतिहास मला फार आवडतो, म्हणून जरा सावकाश सांगतो.

दाह म्हणजे काय, हे पायात काटा मोडलेल्या कुणालाही सांगावं लागत नाही. लाल होतं, सुजतं, गरम लागतं, ठणकतं. ही चार लक्षणं सेल्सस नावाच्या रोमन लेखकानं पहिल्या शतकात नोंदवली. शरीर परक्याशी लढतं त्याची ही खूण. आता याच लढाईचा हृदयाच्या रोहिणीशी संबंध असेल, असं बर्लिनच्या रुडॉल्फ फिरशो यांनी १८५०च्या दशकात म्हटलं होतं. रोहिणीच्या आतल्या बाजूला जाडी येते तिथं त्यांना दाहाची चिन्हं दिसली. व्हिएन्नाचे रोकिटान्स्की म्हणत, छे, रक्तातलं काहीतरी भिंतीवर बसतं आणि त्याची पुटं चढतात, दाह नंतरचा. दोघेही मोठे, कुणीच हटलं नाही. पुढे १९१३ मध्ये रशियात अनिचकोव यांनी सशांना कोलेस्टेरॉल खाऊ घालून त्यांच्या रोहिण्या जाड करून दाखवल्या, आणि पुढची कित्येक दशकं कोलेस्टेरॉलची झाली. फिरशो पुस्तकात राहिले.

मधल्या काळात, १९३० मध्ये, न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत टिलेट आणि फ्रान्सिस या दोघांना न्यूमोनियाच्या पेशंटच्या रक्तात एक पदार्थ सापडला. न्यूमोनियाच्या जंतूवर जे 'सी' नावाचं आवरणद्रव्य असतं त्याला तो चिकटायचा. आजार भरात असताना दिसायचा, पेशंट बरा झाला की नाहीसा व्हायचा. म्हणून नाव 'सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन', म्हणजे आज कुठल्याही लॅबच्या पावतीवर असतो तो सीआरपी. यकृत तो बनवतं, अंगात कुठंतरी आग लागली आहे असा निरोप आला की. साठ-सत्तर वर्षं तो तापाच्या, संधिवाताच्या पेशंटांपुरता राहिला. मग १९९७ मध्ये बोस्टनच्या पॉल रिडकर यांनी धडधाकट पुरुषांच्या साठवून ठेवलेल्या रक्तात तो मोजला. ज्यांचा सीआरपी सगळ्यांत वरच्या चौथाईत होता, त्यांना पुढे हृदयविकाराचा झटका येण्याचा धोका जवळजवळ तिप्पट निघाला. या माणसांना ना ताप, ना खोकला. मग यकृताला आगीचा निरोप पाठवत कोण होतं?

इथं चरबी बोलू लागते.

१९९३ मध्ये बोस्टनमध्येच गोखान होतामिस्लिगिल आणि ब्रूस स्पीगलमन यांनी लठ्ठ उंदरांच्या चरबीत टीएनएफ नावाचा पदार्थ तयार होताना पाहिला. यातली मौज अशी की हा पदार्थ आधी दुसऱ्या नावानं ठाऊक होता, 'कॅकेक्टिन', म्हणजे माणसाला झिजवणारा. लांबलेल्या आजारात अंग झडतं त्याच्यामागे तो असतो, असं १९८५च्या सुमारास दिसलं होतं. जो झिजवतो तोच लठ्ठ प्राण्याच्या चरबीत! तिथं तो इन्सुलिनचं काम अडवत होता. पुढच्याच वर्षी जेफ्री फ्रीडमन यांना लेप्टिनचं जनुक सापडलं, चरबीतून मेंदूला जाणारा निरोप. कणगी मुकी नाही हे आता नक्की झालं.

माणसात हे कसं तपासायचं? ज्या लंडनच्या गटात युडकिन होते त्यांनी एक साधी पण धीराची युक्ती केली. पोटाच्या चरबीतून रक्त घेऊन बाहेर पडणारी बारीक शीर गाठायची, तिथलं रक्त आणि रोहिणीतलं रक्त एकाच वेळी काढायचं, आणि दोन्हींत काय फरक पडतो ते बघायचं. १९९७ मध्ये त्यांनी दाखवलं, चरबीतून बाहेर येणाऱ्या रक्तात इंटरल्यूकिन-६ वाढलेलं असतं. म्हणजे चरबी ते रक्तात सोडते. यकृताला सीआरपी बनवायला लावणारा निरोप्या हाच. १९९९ मध्ये युडकिन आणि सहकाऱ्यांनी पुढचा दुवा जोडला. वरवर निरोगी असलेल्या माणसांत सीआरपी आणि अंगातली चरबी यांचा संबंध आहे, आणि रोहिणीच्या अस्तराच्या बिघाडाशीही आहे.

चरबीत हा धूर कशानं होतो, हे २००३ मध्ये अमेरिकेतल्या दोन वेगवेगळ्या गटांनी एकाच वेळी छापलं. लठ्ठपणात चरबीच्या आत भक्षक पेशी येऊन बसतात. या एरवी जंतू गिळणाऱ्या, मेलेलं साफ करणाऱ्या पेशी. चरबीची पेशी फुगत फुगत मरते, मग या तिच्याभोवती कडं करतात, आणि साफसफाई करता करता टीएनएफ, इंटरल्यूकिन असे पदार्थ सोडत राहतात. ठणका नाही, लाली नाही. सेल्ससला हे दिसलंच नसतं. जखमेतला दाह आठवड्यात विझतो, हा वर्षानुवर्षं धुमसतो.

हृदयापर्यंत हा धूर तीन वाटांनी जातो, असं मला समजलं आहे. पहिली वाट रोहिणीची. तिथल्या अस्तराला हे निरोप पोचले की ते चिकट होतं, पांढऱ्या पेशी आत शिरतात, कोलेस्टेरॉलचा थर वाढतो आणि एक दिवस फुटतो. फिरशो शेवटी बरोबर होते म्हणा, आणि रोकिटान्स्की अगदीच चूक नव्हते. दुसरी वाट तर शेजारधर्माची आहे. हृदयाच्या अंगावरच चरबीचा एक थर असतो. थोडा सगळ्यांनाच असतो, तो हृदयाला उशीसारखा आणि इंधनासारखा उपयोगीही पडतो. पण त्याच्या आणि हृदयाच्या स्नायूच्या मध्ये पडदा नाही, दोघांना रक्तही एकाच ठिकाणाहून मिळतं. २००३ मध्ये बायपास शस्त्रक्रियेच्या वेळी घेतलेले नमुने तपासले, तेव्हा या थरात दाहाचे पदार्थ पायाच्या चरबीपेक्षा पुष्कळ जास्त निघाले. अशा भिंतीला भिंत लागून असलेल्या घरात एकीकडची चूल धुरकट असली तर दुसरीकडचे डोळे चुरचुरणारच.

तिसरी वाट स्नायूची, आणि ती सगळ्यांत उशिरा कळली. २०१३ मध्ये ॲमस्टरडॅमचे पाउलुस आणि बर्लिनचे च्योपे यांनी मांडलं की लठ्ठपणा, मधुमेह अशांमुळे होणारा दाह हृदयातल्या केसाएवढ्या रक्तवाहिन्यांचं अस्तर बिघडवतो. त्या अस्तरातून नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू सुटतो, तो स्नायूला सैल ठेवतो. तो कमी पडला की स्नायू ताठ होतो, मधे मधे दोऱ्यांसारखं तंतुमय ऊतक वाढतं. असं हृदय पिळतं नीट, पण सैल पडून भरत नाही. सोनोग्राफीवाला सांगतो, पंपिंग चांगलं आहे, आणि पेशंट दोन जिने चढून धापा टाकत बसतो. अशा कितीजणांना आपण 'टेन्शन घेऊ नका' म्हणून घरी पाठवलं असेल!

मग दाह विझवला की झालं, असं वाटणं साहजिक. तसं पटकन झालं नाही. हृदय थकलेल्या पेशंटांच्या रक्तात टीएनएफ वाढलेला असतो हे १९९० मध्ये दिसलं होतं, म्हणून तो अडवणारी औषधं देऊन पाहिली. २००३ पर्यंत कळलं की उपयोग नाही, आणि जास्त मात्रेत तर पेशंट बिघडले. २०१७ मध्ये रिडकर यांच्याच गटानं दहा हजारांहून जास्त लोकांवर केलेली चाचणी आली. कोलेस्टेरॉलला हात न लावता फक्त दाहाचा एक निरोप, इंटरल्यूकिन-१ बीटा, अडवणारं इंजेक्शन. झटके, पक्षाघात आणि त्यांनी होणारे मृत्यू मिळून सुमारे १५ टक्क्यांनी कमी झाले. फिरशोंच्या दीडशे वर्षांपूर्वीच्या म्हणण्याला मिळालेला हा पहिला सरळ पुरावा. पण जंतुसंसर्गानं दगावणारे वाढले, एकूण मृत्यूंत फरक पडला नाही, आणि हृदयासाठी त्या औषधाला मान्यता मिळाली नाही. पहारेकऱ्याला झोपवलं की चोर आत येणारच.

आमच्या भागातल्या श्रोत्यांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. पावसाळ्यात रानात, कुंपणाला, लाल-पिवळ्या ज्वाळेसारखी फुलं येतात ती कळलावी, कुणी खड्यानाग म्हणतात. तिच्यात कोल्चिसिन असतं, गाऊटवरचं जुनं औषध. त्याची अगदी लहान मात्रा, रोज अर्धा मिलिग्रॅम, हृदयरोग्यांना देऊन पाहिली तेव्हा २०२०च्या एका चाचणीत झटके आणि तत्सम प्रकार ३१ टक्क्यांनी घटले. २०२३ मध्ये अमेरिकेनं त्याला मान्यता दिली. २०२४ मध्ये सात हजारांवर पेशंटांची दुसरी मोठी चाचणी आली, तिच्यात काहीच फायदा दिसला नाही. भांडण अजून चालू आहे. कुणी हे ऐकून कळलावीचा कंद उगाळू नका, त्यानं माणसं मरतात. २०२३ मध्येच वजन उतरवणाऱ्या सेमाग्लुटाइड या इंजेक्शनानं, मधुमेह नसलेल्या पण आधीपासून हृदयरोग असलेल्या जाड लोकांत झटके वगैरे २० टक्क्यांनी कमी केले, आणि सीआरपीही खाली आणला. धूर कमी करायला चूल कमी करणं हाच मार्ग बरा, असं त्यातून मला वाटतं.

पण हे सगळे अभ्यास जाड माणसांचे. माझे गुरुजी बारीक होते. त्यांचं उत्तर पुण्याजवळच्या खेड्यांत आहे.

१९९३ पासून केईएमच्या मंडळींनी पुण्याजवळच्या सहा गावांत लग्न झालेल्या बायकांची पाहणी सुरू केली. गरोदर राहण्याच्या आधीपासून त्यांचं वजन, जेवण, काम यांची नोंद. या बायका बारीक, बीएमआय सरासरी अठराच्या आसपास. त्यांची बाळं जन्मली ती सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनची ३.५ किलोची. आठशे ग्रॅमचा फरक. एवढं अपेक्षित होतं. अपेक्षित नव्हतं ते असं की पुण्याच्या बाळाचे स्नायू कमी, पोटातले अवयव लहान, पण पाठीवर चिमटीत धरलेल्या कातडीखालची चरबी जवळजवळ शाबूत. नाळेच्या रक्तातही वजनाच्या मानानं लेप्टिन आणि इन्सुलिन जास्त. २००३ मध्ये त्यांनी या बाळाला 'बारीक-जाड' म्हटलं. बारीकही आणि जाडही. आईच्या पोटात अन्न कमी पडलं तेव्हा शरीरानं स्नायू सोडला, चरबी सोडली नाही. मेंदू वाचवायचा, मग उरलेलं. दुष्काळातलं शहाणपण आहे ते. स्वतः याज्ञिकांचं जन्मवजनही कमी होतं, असं 'लॅन्सेट'मधल्या त्या पानावर लिहिलेलं आहे.

हे बाळ गावातच राहिलं, राबलं, भाकरी खाल्ली तर बहुधा निभावतं. १९९९ मध्येच याज्ञिक आणि युडकिन यांनी छापलं होतं की दाहाचे हे निरोपे आणि लेप्टिन शहरी भारतीयांच्या रक्तात चढलेले असतात, खेड्यातल्यांच्या नाही. पुढे पुण्यात खेड्यातले, झोपडपट्टीतले आणि मध्यमवर्गीय अशा ४४१ पुरुषांची तुलना झाली, तिथंही शहरातल्या मध्यमवर्गीयांत चरबी आणि दाह जास्त. कणगी लहान आणि धान्य एकदम जास्त आलं की ते पडवीत, ओट्यावर, वाट मिळेल तिथं सांडतं. कातडीखाली जागा कमी असलेल्या माणसाची चरबी तशीच यकृतात, आतड्यांभोवती, हृदयावर जाते, असं एक मत आहे. मला ते पटतं.

पुण्याचं माप सातपुड्याला जसंच्या तसं लावता येणार नाही, माणसं वेगळी, डोंगर वेगळा. पण चित्र ओळखीचं आहे. कमी वजनाची बाळं आमच्याकडे काही नवी नाहीत. मोर, ज्वारी खाऊन वाढलेली पोरं दिवाळीनंतर गुजरातेत ऊसतोडीला, सुरतेला बांधकामावर जातात. काहीजण शिकून माझ्या गुरुजींसारखे पगारावर बसतात, मोटारसायकल घेतात, दुपारी भज्यांची प्लेट आणि दोन कप गोड चहा. मोलगीच्या दुकानात भगरीच्या पोत्याशेजारी आता चमकणाऱ्या पाकिटांच्या माळा लटकलेल्या असतात. यात त्यांचा दोष नाही. ज्याच्या आजोबानं उपास काढले त्यानं पोटभर खाऊ नये, हे मी कोण सांगणार?

मी फक्त एक गोष्ट बदलली. माझ्या टेबलाच्या खणात शिंप्याची टेप असते. पुरुषाचं पोट ९० सेंटिमीटरच्या वर, बाईचं ८०च्या वर गेलं की मी काट्याकडे बघत नाही. साखर, रक्तदाब, चरबी तपासायला पाठवतो. पहिल्यांदा मापं घेतली ती गुरुजींचीच. ९४ भरलं.

गेल्या महिन्यात ते सुनेला घेऊन आले होते. सातवा महिना, ओठ फिके, वजन ४१ किलो. पुण्याच्या त्या अभ्यासात ज्या बायका पालेभाज्या, फळं, दूध वारंवार खात त्यांची बाळं भरीव निघाली होती, हे मी तिला सोप्या भाषेत सांगत होतो. अंबाडी, तांदुळजा, शेवगा, जे दारात आहे ते. ती मान खाली घालून ऐकत होती. गुरुजी मधेच म्हणाले, "डॉक्टर, बाळाचं वजन किती भरेल?" मी टेप खणात ठेवली आणि तिचं हिमोग्लोबिन तपासायला बोट पुसायला घेतलं.